घासलेला नंबर

ई.एच.टी. म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे मी काय करून बसले ते नीट कळेल.

जुन्या टीव्हीला आणि जुन्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरला मागे मोठं पोट असायचं. त्या पोटात काचेची पिक्चर ट्यूब. ट्यूबच्या मानेतून निघालेला झोत पुढच्या काचेवर आपटतो, तेव्हा काच उजळते आणि अक्षर दिसतं. तो झोत तिथवर फेकायला घरातली वीज पुरत नाही, वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात. ते तयार करणारा काळा, मुठीएवढा, जड ठोकळा म्हणजे ई.एच.टी. त्यातून एक जाड लाल वायर निघते. वायरच्या टोकाला रबरी टोपी असते, ती ट्यूबच्या पाठीवर चिकटते. ठोकळ्याच्या आत तारेचे शेकडो वेढे, आणि त्यावर ओतलेलं असं कडक रसायन की छिन्नीने फोडलं तरी तार धड हाती लागत नाही. म्हणून ई.एच.टी. दुरुस्त होत नाही. गेला की दुसरा आणायचा, आणि तोसुद्धा नेमका तोच, नाहीतर त्याचा जुळा भाऊ.

टीव्हीचं त्या मानाने सोपं होतं. सगळे टीव्ही एकाच चालीने चालायचे, एकाचं दुसऱ्याला बरंचसं जमून जायचं. मॉनिटरचं तसं नाही. प्रत्येक कंपनीची चाल वेगळी, पिनांचा क्रम वेगळा. त्यातही कारखान्यातल्या मशीनवर बसवलेला मॉनिटर म्हणजे सासूबाईच. आपलं तेच खरं करणारा. तेव्हा शोधायचं कसं? ठोकळ्याच्या पाठीवर छापलेल्या नंबरावरून. नंबर असेल तर फोन करायचा, पार्ट मागवायचा. नंबर नसेल तर भंगाराचे ढीग उपसायचे, पिना मोजायच्या, मीटर लावायचा, आणि देवाचं नाव घ्यायचं.

या अंकाच्या संपादकबाई माझ्याकडे मिक्सर दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. दुकानाच्या कोपऱ्यात जुने मॉनिटर पाहून म्हणाल्या, "नाशकात हे काम करणाऱ्या तुम्ही एकट्याच बाई असाल. लिहा ना, अभिमान वाटेल असं काहीतरी." अभिमान वाटावा असंही थोडं आहे. पण लिहायला बसले आणि हात त्या एकाच गोष्टीकडे जाऊ लागला, जी मी आजवर दोनच माणसांजवळ बोलले आहे. सातवीपर्यंत शिकलेली मी, शुद्धलेखन बाईंनी सांभाळून घ्यावं.

मी मूळची गोंदियाकडची. आमच्या गावाहून नाशिक म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस. नवऱ्याला सातपूरला गाडीवर काम मिळालं म्हणून आलो. इथे माझं ओळखीचं कोणी नव्हतं आणि बोलणंही वेगळं. मी "जाऊन राहिली" म्हटलं की बायका हसायच्या, "राहिलीस तर राहा, जातेस कशाला?" म्हणायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. ते एका परीने बरं झालं. तारा गुंडाळण्याचं काम मिळालं, त्यात बोलायचं नसतंच, वेढे मोजायचे असतात. मधे कोणी हाक मारली की आकडा गेला. वीस-पंचवीस बायका एका ओळीत बसून ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली भरायचो.

ते युनिट बंद पडलं तेव्हा खैरनारदादा माझ्याकडे आले. त्यांचं एम.जी. रोडच्या मागच्या गल्लीत टीव्ही-मॉनिटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि कॉइली आमच्याकडूनच जायच्या. दादा सटाण्याकडचे, बोलण्यात अहिराणी. मला म्हणाले, "पुष्पा, तुन्हा हात चांगला शे. येतं का मन्हा दुकानात?" मला अर्धं कळलं, अर्धं अंदाजाने घेतलं. मी म्हटलं, "दादा, मला इंग्रजी अक्षरं लवकर वाचता येत नाहीत." ते म्हणाले, "तारेला कुठं इंग्रजी येतं?"

त्या माणसाने मला सगळं शिकवलं, हे आधी लिहून ठेवते. बंद मॉनिटरही आत वीज धरून बसतो, रुसलेल्या माणसासारखा. त्याला हात लावण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरला तार बांधून, तारेचं दुसरं टोक सांगाड्याला जोडून, रबरी टोपीखाली पातं सारायचं. चट् असा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि दुसरा हात पाठीमागे ठेवायचा. दादा माझा डावा हात बघत उभे राहायचे. तो पुढे आला की खेकसायचे, "दोन्ही हाताने जेवतं का तू?"

या विजेची आणखी एक गंमत. ती धूळ ओढते. त्यामुळे मॉनिटर उघडला की तो कुठून आलाय ते न विचारता कळायचं. लासलगावच्या आडत्यांच्या मॉनिटरमधून कांद्याची टरफलं निघायची, पातळ, गुलाबी, लाल वायरला चिकटलेली. अंबड-सातपूरच्या मॉनिटरमध्ये तेलकट काळा थर आणि लोखंडाची चमकी. पंचवटीच्या मॉनिटरला धुपाचा वास. पंचवटीतले एक गुरुजी पत्रिका करायला जुना हिरव्या अक्षरांचा मॉनिटर वापरायचे. तो दर पावसाळ्यात बंद पडायचा.

मी एकदा म्हटलं, "गुरुजी, रंगीत देते. जुनाच आहे, पण चांगला आहे."

"नको गं. रंगीत पडदा असला की यजमानांना वाटतं मी टीव्ही बघतोय. हिरवं अक्षर आलं की हात जोडतात. आणि हो, राहुकाळात खोलू नकोस."

"वीस हजार व्होल्टला राहुकाळ कळत नाही, गुरुजी."

"तुला कळतो ना? मग बस गप."

त्यांच्या मॉनिटरला मी तीन वेळा ई.एच.टी. मिळवून दिला. गुरुजी गेले, मॉनिटर अजून चालतो असं त्यांचा मुलगा सांगतो. हा झाला अभिमानाचा भाग.

आता दुसरा.

दादांच्या टेबलाला खिळ्यावर पॉलिश पेपरचा तुकडा लटकलेला असायचा. पार्ट मिळाला, बसवला, चित्र आलं, की झाकण लावण्याआधी शेवटचं काम, नव्या पार्टावरचा नंबर घासून टाकायचा. मग त्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा, म्हणजे घासलेलं उघडं दिसत नाही. जुना पार्टही गिऱ्हाइकाला परत द्यायचा नाही. मागितला तर फेकला म्हणायचं. हे आमच्याच दुकानात चालायचं असं नाही, त्या गल्लीत सगळेच करायचे. मी कारण विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "आपण आठ दिवस भंगारात पाय झिजवणार. उद्या दुसरा मेकॅनिक झाकण उघडणार, नंबर वाचणार, फोन फिरवणार. आपले आठ दिवस, त्याचं एक मिनिट. नंबर म्हणजे आपली भाकर शे."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही. आठ दिवस खरंच जायचे.

वहीत लिहायचीही दादांची मनाई होती. वही कोणीही चाळू शकतं. नंबर डोक्यात ठेवायचा. दादांच्या डोक्यात असे किती नंबर होते कोण जाणे. मशीनचं नाव घ्या, ते डोळे मिटून पाढे म्हटल्यासारखा नंबर म्हणायचे.

सोनवणेभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा मला दादांकडे सहा-सात वर्षं झाली होती. निफाड तालुक्यातला माणूस, अंबडला भाड्याच्या गाळ्यात एकटा काम करायचा. त्यांच्याकडे एकच मशीन होतं, परदेशातून आलेलं, दोन मालकांनी वापरून विकलेलं सीएनसी लेथ. पंपाच्या दांड्यावर बसणारे पितळी बुश, म्हणजे पोकळ कड्या, ते करून द्यायचे. मशीनला सगळं पडद्यावर सांगावं लागायचं, कुठे कापायचं, किती कापायचं. तो पडदाच काळा पडला होता. भाऊ म्हणाले, "मशीन ठणठणीत हाय ताई, पण तोंडच दाखवत नाय."

दादा त्या दिवसांत डोळ्याच्या ऑपरेशनला गावी गेले होते. मी एकटीने तो पार्ट शोधला. मूळ कंपनी कधीच बंद झालेली. सात दिवस मी अंबडच्या भंगारवाल्यांकडे मॉनिटर उलटे करत फिरले. सातव्या दिवशी एका फुटक्या मॉनिटरात मला तो दिसला. दहा पिना, वायर डाव्या अंगाला, मीटरचे आकडे जवळपास जुळणारे. दोन पिनांचा क्रम उलटा होता. त्या मी तारा टाकून अदलाबदल केल्या. चालू केला, दाताखाली जीभ धरून बसले. टिक् टिक् झालं, हातावरचे केस उभे राहिले, आणि पडद्यावर पिवळी अक्षरं हळूहळू उगवली. सोनवणेभाऊंनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं. मला म्हणाले, "मला वाटलं व्हतं, संपलं सगळं."

घरी जाताना मी पायी गेले. बसने गेले असते तर तो आनंद लवकर संपला असता.

त्याआधी मी शेवटचं काम केलं होतं. पॉलिश पेपर घेतला, नंबर घासला, वर माझ्या डबीतल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. दादा गावाहून परतले, डोळ्यावर हिरवी पट्टी, मी काय केलं ते ऐकून इतके खूश झाले की चहावाल्याला हाक मारून बोलावलं आणि शेजारच्या तिन्ही दुकानांत सांगून आले. मग मला विचारलं, "नंबर काय व्हता?"

मी म्हटलं, "नव्हता, दादा. आधीच कोणी पुसलेला होता."

का म्हटलं? याचं उत्तर मी अनेकदा स्वतःला विचारलंय. दादा मला काढून टाकतील असं काही नव्हतं. पण परक्या गावात, शिक्षण नसलेल्या बाईच्या पोटात एक भीती कायम बसलेली असते. दादांना सगळं येत होतं, माझ्याजवळचं सगळं त्यांनीच दिलेलं. माझं स्वतःचं असं काय होतं? तो एक नंबर. तो दिला असता तर मी पुन्हा रिकामी, असं वाटलं. ज्याने भाकर दिली त्याच्यापासूनच भाकर लपवली. दादा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

दिवस पालटले. सपाट पडदे आले, पोटवाले मॉनिटर भंगारात गेले. दादांनी दुकान आवरलं आणि मुलाकडे सटाण्याला गेले. जाताना त्यांची हत्यारं मला दिली. मी सिडकोत घराला लागून छोटं दुकान टाकलं. मिक्सर, इंडक्शन, चार्जर, एलईडी टीव्ही. कधीतरी एखादा जुना मॉनिटर येई, तेवढ्यापुरती मी जुनी पुष्पा व्हायची. तो नंबर सुरुवातीला मी मनात रोज म्हणायची. मग आठवड्याने. मग कधी सुटला, कळलंही नाही.

सोनवणेभाऊंचा फोन आला तो मधे कितीतरी वर्षं गेल्यावर. "ताई, तोंड परत काळं झालं."

मी गेले. भाऊ थकल्यासारखे दिसले. म्हणाले, आधी जवळचाच एक मेकॅनिक आला होता, आतला नंबर घासलेला पाहून झाकण लावून निघून गेला. मग मला विचारलं, "कंपनीनंच घासला आसंल ना ताई? ह्या बाहेरच्या कंपन्या लय हुशार."

मी झाकण उघडलं. काळ्या तेलकट थराखाली माझाच लाल ठिपका. चकचकीत, जसाच्या तसा. नेलपॉलिश किती टिकतं बघा.

मी म्हटलं, "हो. कंपन्या करतात असं."

त्यांना पंपवाल्यांची मोठी ऑर्डर होती. वेळेत नाही दिली तर काम दुसऱ्याकडे जाणार, आणि त्या एका पार्टीवरच त्यांचा गाळा चालत होता. मी म्हटलं, भाऊ, काळजी करू नका, एकदा शोधलाय, परत शोधते. तोंडाने म्हटलं. मनात नंबर शोधत होते. मला एवढंच आठवत होतं की मधे दोन आठ होते, शेजारी उभ्या राहिलेल्या दोन बाहुल्यांसारखे, आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. बाकी सगळं मी स्वतःच्या हाताने घासलं होतं.

पहिले तीन दिवस भंगारात. पण आता भंगारात पोटवाले मॉनिटर कुठे? माणसं हसायची, "मावशी, म्युझियममध्ये बघा." चौथ्या दिवशी एक मिळता-जुळता ठोकळा बसवून पाहिला, चित्र आलं ते पोस्टाच्या तिकिटाएवढं. पाचव्या दिवशी दुसरा बसवला, त्याने शेजारचा ट्रान्झिस्टर जाळला. सपाट पडदा जोडायचं किट मिळतं, तेही मागवून लावलं. त्या मशीनची चाल त्याला समजेना, अक्षरं पडद्यावर पळत सुटली. रोज संध्याकाळी भाऊंना फोन करून "उद्या बघते" म्हणायचं. रोज ते "तुम्ही हायेत म्हणून धीर हाय" म्हणायचे. 

आठव्या दिवशी सकाळच्या एसटीने मी सटाण्याला दादांकडे गेले. ते खूप थकले होते, पण मला ओळखलं. मी सगळं सांगितलं. मशीनचं नाव, पिना, वायर. शेवटी म्हटलं, "दादा, मला तो नंबर पाहिजे."

दादा खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. ते न बघताच म्हणाले, "तूच सांगेल व्हतं ना मला, नंबर नव्हता म्हणून. नसलेला नंबर मी कोठून देऊ?"

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. एवढी वर्षं कळलेलं होतं, आणि तरी जाताना हत्यारं मला देऊन गेले होते. मी म्हटलं, "दादा, चुकलं माझं."

"रडू नको. मी पण माझ्या उस्तादापासून चार लपवेल व्हते." मग त्यांनी डोळे मिटले. "पिना दहा? वायर डाव्या अंगाला? वरती दोन नॉब का एक?" मी सांगत गेले. त्यांनी तीन नंबर म्हटले. "यातला एक असंल. लिही." मी कागद-पेन आणलंच नव्हतं, सवयच नव्हती. त्यांच्या सुनेने नातवाच्या वहीचं पान फाडून दिलं. त्या पानावर मी आयुष्यात पहिल्यांदा दादांचे नंबर लिहिले. दुसऱ्या नंबरात दोन आठ शेजारी शेजारी होते.

तिथूनच दिल्लीच्या एका जुन्या व्यापाऱ्याला फोन केला. त्याने फोटो पाठवला. तोच. म्हणाला, पडून आहेत चार, तीन दिवसांत पोचेल. मी भाऊंना फोन लावला.

"भाऊ, मिळाला. तीन दिवस."

"तीन दिवस लय झाले हो ताई. पार्टीचा माणूस परवा येऊन बसणार हाय." मग म्हणाले, "बटनं मला पाठ हायेत. न बघता चालवून बघू का? अंदाजानं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. या कामात मला जेवढं कळतं त्या सगळ्यानिशी ओरडून नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचा हक्क मला कुठे होता? उशीर कोणामुळे झालाय ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "सांभाळून करा."

पुढचं त्यांच्याकडूनच कळलं. हे बटन, मग खाली दोनदा, मग ते बटन, असं बोटांच्या आठवणीवर त्यांनी नवव्या दिवशी सात बुश काढले, सातही बरोबर. आठव्याला मशीन थांबलं. पडद्यावर काहीतरी विचारत असणार. काय ते दिसत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं "होय"चं बटन दाबलं. कापायचं हत्यार पितळ धरून फिरणाऱ्या चकात घुसलं. दार बंद होतं म्हणून भाऊ वाचले. पण मशीनचा मुख्य दांडाच वाकला. तो नवा मिळत नाही, आणि सरळ करायचा खर्च त्या म्हाताऱ्या मशीनच्या किमतीबाहेर.

पार्ट बाराव्या दिवशी आला. भाऊंनी मशीन विकायचं ठरवलं होतं, तरी मी तो घेऊन गेले. का ते माहीत नाही. गाळ्यात भंगारवाला येऊन उभा होता, पट्ट्याने मोजमाप घेत होता. मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. पार्ट बसवला, दोन पिनांच्या तारा उलट टाकल्या, बटन दाबलं. टिक् टिक्, आणि पिवळी अक्षरं उगवली. पहिल्यापेक्षाही छान. मशीन बंद होण्याआधीच्या सगळ्या सूचना त्यात रांगेने लिहिलेल्या होत्या. मला इंग्रजी हळू वाचता येतं, पण शेवटची ओळ मी वाचली. हत्यार जागेवर नाही, पुढे जाऊ का, असं ते विचारत होतं.

भाऊंनी ती ओळ वाचली की नाही ठाऊक नाही. ते भंगारवाल्याला कौतुकाने म्हणाले, "बघा, म्हणालो व्हतो ना. ताईंनी करून दाखवलं का नाय?"

भंगारवाला म्हणाला, "मॉनिटर चालू आहे म्हणून जास्त नाही मिळणार हां."

मशीनखाली पडलेला पितळेचा कीस झाडत भाऊ हसले. मी हत्यारं गोळा केली आणि निघाले. त्या वेळी सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

त्यानंतर सोनवणेभाऊ सातपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. स्वतःच्या गाळ्याची किल्ली खिशात घेऊन फिरलेला माणूस, दुसऱ्याच्या घड्याळावर हजेरी लावू लागला. आणि मला फोन यायला लागले. अंबडहून, सिन्नरहून, एकदा ओझरहून. "सोनवणेभाऊंनी तुमचा फोन नंबर दिला. म्हणाले, बाई इमानदार आहेत, पार्टासाठी बारा दिवस वणवण केली, सटाण्याला जाऊन आल्या." जुनी मशीनं अजून पुष्कळ आहेत, लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. माझ्याकडे पुन्हा मॉनिटर येऊ लागले. प्रत्येक फोनला मला भाऊंच्या नावाने आधी स्तुती ऐकावी लागे. वर्षभर मी ती ऐकली. तिच्यावर घर चाललं, हेही लिहायला हवं.

पार्ट बसवल्यावर मी आता नंबर घासत नाही. झाकणाच्या आत मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिते, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर त्याचा फोटोही देते. गल्लीतले जुने लोक मला वेडी म्हणतात. पण त्याने सोनवणेभाऊंचं काय भलं झालं? त्यांच्यापुरतं ते कोरडंच.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात एका सुटीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. भाऊ दारात मोटरसायकल धूत होते. मला बघून म्हणाले, "या या ताई, आत चला." मी म्हटलं, इथेच बरी आहे. आणि बोलून टाकलं.

"भाऊ, तो नंबर कंपनीने घासला नव्हता. मी घासला होता."

त्यांनी बादलीतून फडकं काढलं, पिळलं. "कधी?"

"पहिल्या वेळी. पार्ट बसवला त्याच दिवशी."

"कशाला?"

"तुम्ही दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये म्हणून."

"मी गेलो आसतो का?"

मी म्हटलं, "नाही."

ते चाकाच्या आऱ्या एकेक करून पुसायला लागले. पुसता पुसता विचारलं, "नंबर आसता तर कधी आला आसता तो पार्ट?"

"चौथ्या दिवशी."

त्यांना हिशेब मांडून दाखवायची गरज नव्हती. त्यांनी मशीनला न बघता हात घातला तो नववा दिवस होता. मी वाट बघत होते की ते फडकं आपटतील, घालून पाडून बोलतील, शेजाऱ्यांना हाक मारतील. माझ्या बाजूने मी सगळं ठरवून गेले होते, काय बोलले तर काय बोलायचं. ते दुसऱ्या चाकाकडे वळले.

मी म्हटलं, "तुम्ही लोकांना माझं चांगलं नाव सांगता. ते यापुढे सांगू नका. मला ते पेलवत नाही."

भाऊ म्हणाले, "बरं. नाय सांगणार."

"येते."

"हां."

सोनवणेभाऊ शब्दाला पक्के. अंबडचे, सिन्नरचे फोन थांबले आहेत. हल्ली दुकानात मिक्सरच जास्त येतात.